बापू टेलर आणि चिरंजीव

५ जून

चिंधे,

आशीर्वाद नेहमीचेच, ते वेगळे लिहीत नाही. काम आहे म्हणून पत्र.

आमच्या गल्लीतल्या दुकानदारांनी एकत्र बसून ठरवलंय की सगळ्या पाट्या एका मापाच्या आणि एका रंगाच्या करायच्या. समोरच्या चष्मेवाल्याची झाली, बेकरीवाल्याचीही झाली. आता पेंटर रोज सकाळी माझ्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "बाई, तुमचं काय लिहू?" जुनी पाटी तू पाहिली आहेस. 'बापू टेलर आणि चिरंजीव.' बापू जाऊन जमाना झाला. आणि चिरंजीव, म्हणजे तुझा बाप, पाटीचा रंग वाळायच्या आत नोकरी धरून दुसऱ्या गावी गेला. तेव्हापासून त्या पाटीखाली मी एकटी कात्री चालवतेय. पाटीवरची माणसं दुकानात नाहीत, आणि दुकानातलं माणूस पाटीवर नाही.

तर काय लिहू? नुसतं 'टेलर' लिहिलं की नवं गिऱ्हाईक आत येऊन माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतं आणि विचारतं, "मास्तर कुठायत?" मी म्हणते मीच मास्तर, तर हसतं. पेंटर म्हणाला, 'लेडीज टेलर' लिहू. म्हणजे उद्यापासून ब्लाऊजवाल्यांची रांग! मी जन्मभर पुरुषांचे कोट बेतले. 'शिंपीण' लिहावं तर ती शिंप्याची बायको, आणि मी तर लग्नच केलं नाही. 'मास्तरीणबाई' लिहिलं तर लोक पोरांना पाढे शिकवायला पाठवतील.

तू ते स्पॅनिश का काय शिकतेस ना? त्या लोकांत माझ्यासारखीला काय म्हणतात ते विचारून कळव. आपल्याकडे शब्द नसेल तर बाहेरून आणू. कापड आणतोच की.

तुझी आत्या

१४ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं की बाबा ते पाण्याच्या जगला टेकवून उभं करून ठेवतात, म्हणजे मी घरात शिरल्या शिरल्या दिसावं. काय लिहिलंय ते मात्र कधी विचारत नाहीत. जेवताना एवढंच म्हणतात, "बरी आहे ना?" मी म्हणते बरी आहे, की संपलं.

तुझा प्रश्न मी वर्गात विचारला आणि सरांना इतका आनंद झाला की त्या दिवशीचा धडा बाजूलाच राहिला. ऐक. स्पॅनिशमध्ये टेलरला म्हणतात 'सास्त्रे'. बाई असेल तर 'सास्त्रा'. पण गंमत अशी की जुन्या कोशांत 'सास्त्रा'चा एक अर्थ टेलरची बायको असाही द्यायचे. म्हणजे तुझी शिंपीण तिकडेही आहेच!

सर मग मागे मागे गेले, पार लॅटिनपर्यंत. सास्त्रे आला 'सार्तोर'वरून, आणि सार्तोर आला 'सार्किरे' या क्रियापदावरून. सार्किरे म्हणजे फाटलेलं सांधणं, ठिगळ लावणं. त्याच घराण्यातला बायकांसाठीचा लॅटिन शब्द आहे 'सार्किनात्रिक्स', सांधणारी. प्राचीन रोममधल्या काही थडग्यांवर तो कोरलेला सापडलाय. बाईचं नाव, आणि पुढे तिचं काम. माझ्या तर अंगावर काटा आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तुझ्या मैत्रिणी!

मग काय, लिहायचं का पाटीवर 'सास्त्रा'?

तुझी चिंधी

२० जून

चिंधे,

सास्त्रा! लोक वाचताना सासरा वाचतील. आणि वर म्हणे मैत्रिणी!

शब्द राहू दे बाजूला, मला त्याचा अर्थच झोंबला. ठिगळवाली? हेच ऐकायला तुला विचारलं होतं का? तू लहानपणी सुट्टीत तुझ्या आईबरोबर यायचीस तेव्हा माझ्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायचीस, म्हणून तुझं नाव चिंधी पडलं, पण वर काय चाललंय ते तुला कधी दिसलं नसेल. आता सांगते.

आपल्या दुकानात दोन जागा होत्या. पुढे उंच टेबल, काचेजवळ, भरपूर उजेडात. तिथे बेतणारा उभा राहायचा. आमच्यात बेतणारा कधी बसत नाही. आणि मागे, इस्त्रीच्या वाफेत, एक बुटकं स्टूल. त्यावर आई बसायची, तुझी आजी. कोपर झिजलेल्या बाह्या, वाळवी लागल्यासारखी भोकं पडलेली पँट, फाटलेले खिसे, सगळं तिच्याकडे. ती रफू करायची ते उलटसुलट करून पाहिलं तरी सापडायचं नाही. आणि म्हणूनच तिला कुणी कधी शाबासकी दिली नाही. सापडलंच नाही तर वाखाणणार कशाला? तिच्या शेजारचं दुसरं स्टूल माझ्यासाठी तयार होतं. मी ठरवलं होतं की त्यावर बसायचं नाही. काहीही झालं तरी उभं राहायचं.

बापू नियमाचे पक्के. कोटाच्या शिवणीत आत माया, म्हणजे पुढे सैल करायला जादा कापड, ठेवायची ती एक बोट. जास्त ठेवली की कापडाची नासाडी, कमी ठेवली की बेइमानी. जो बेतेल त्याने कॉलरच्या आत काळ्या दोऱ्याची फुली मारायची. तुझा बाप माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मिसरूड फुटल्यावर कात्री त्याच्या हातात दिली. त्याला ती नको होती, आणि मला हवी होती. घरात हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तो गेला त्याच सुमाराला बापूंचे हात थरथरायला लागले. बाहेर कुणाला सांगितलं नाही. टेलरचे हात थरथरतात म्हटल्यावर दारात कोण येईल? मग मी उभी राहिले. गिऱ्हाइकासमोर बापू टेप धरायचे आणि गिऱ्हाईक गेलं की मी कात्री. फुली मात्र त्यांचीच.

दुरुस्तीचं काम मी दुकानात घेतच नाही, तुला माहीत आहे. आता मला तू त्या स्टुलावर बसवायला निघालीस. दुसरा शब्द शोध.

तुझी आत्या

११ जुलै

प्रिय आत्या,

रागावलीस, मला माहीत होतं. पण आजीचं रफू मला आठवतं. माझ्या बाहुलीचा पाय तिनेच जोडला होता, आणि नंतर कुठला पाय तुटला होता ते मला शोधूनही सापडेना. दुसरा शब्द शोधतेय.

आज वेगळंच विचारायचंय. पुढच्या महिन्यात आमचा पदवीदानाचा कार्यक्रम आहे. मी बाबांना म्हटलं, चांगला कोट घाला. ते म्हणाले, कोट नाही. मी म्हटलं, ट्रंकेत आहे की तो राखाडी! तर हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "तो होत नाही मला. पहिल्याच थंडीत आवळायला लागला. मी निघताना बापूंनी रागाने शिवलेला कोट आहे तो. माया तरी ठेवली असेल की नाही कुणास ठाऊक." मी म्हटलं, उसवून बघितलं का नाही? तर म्हणाले, "आत काहीच निघालं नसतं म्हणजे?" आणि उठून गॅलरीत गेले.

माझे बाबा असं कधी बोलत नाहीत, आत्या. मी तो कोट काढलाय. कापड अजून उत्तम आहे. मला उसवून बघायचाय. कुठून सुरुवात करू? आजोबा खरंच रागावले होते का?

चिंधी

१६ जुलै

चिंधे,

बापू रागावले होते. स्टेशनवर गेले नाहीत. कोट मीच त्याच्या हातात दिला.

उसवायचं असं. आधी अस्तर खालच्या बाजूने सोडव, ओढू नकोस, एकेक टाका काप. मग पाठीची मधली शिवण बघ, आणि दोन्ही बगलेखालच्या. ब्लेड घेऊ नकोस, लहान कात्री घे. उजेडात बस. दमलीस की ठेवून दे, कोट पळून जात नाही. इतकी वर्षं गेला नाही तो.

आत काय निघतं ते मला कळव. सावकाश नको, लगेच.

आत्या

२४ जुलै

आत्या, माझी आत्या!

तीन बोटं! तीन बोटं माया निघाली! पाठीला तीन, दोन्ही बाजूंना तीन-तीन, आणि बाह्यांच्या टोकालासुद्धा दुमडून ठेवलेलं कापड. मी हाताने पुन्हा पुन्हा मोजलं. मग तुझं पत्र काढून वाचलं, 'एक बोट, जास्त ठेवली की नासाडी.' आजोबांनी आयुष्यात कुणाला दिली नाही तेवढी माया बाबांना दिली, आणि तोंडाने एक अक्षर बोलले नाहीत! म्हणजे तो कोट रागाचा नव्हताच. तू जाडा हो, मोठा हो, आणि हा सैल करायला परत ये, असं म्हणत होते ते.

मी धावत बाबांकडे गेले. ते दाढी करत होते. मी कोट उलटा करून दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी ते कापड अंगठ्याने चोळून पाहिलं. कॉलर उलटी केली. मग अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून पलंगावर बसले आणि रडले. मी त्यांना आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. नंतर आम्ही चहा केला आणि दोनदा प्यायलो.

एवढंच कळेना, कॉलरमधली फुली निळ्या दोऱ्याची कशी? तू तर काळी लिहिली होतीस.

किती बरं वाटतंय सांगू! आजोबांनी माफ केलं होतं त्यांना.

तुझी चिंधी

९ ऑगस्ट

चिंधे,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

तीन बोटं निघाली हे छान झालं. बापूंनीच ठेवली असणार, दुसरं कोण ठेवणार? वरून कडक होते, आतून नव्हते. तुझ्या बापाला तसंच सांग. काळा दोरा त्या दिवशी संपला असेल, म्हणून निळा घेतला असेल. त्यात काही विशेष नाही.

पाटीचंही ठरवून टाकलं. पेंटरला सांगितलं, जुनीच अक्षरं पुन्हा काढ, 'बापू टेलर आणि चिरंजीव.' सोमवारी शिडी लावतोय. नवा शब्द शोधू नकोस आता, पुरे झालं. या वयात पाटीवर चढून मी काय करणार? पाय घसरायचा.

पदवीदानाला माझे आशीर्वाद.

आत्या

११ ऑगस्ट

ताई,

पेंटरला थांबव. हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून मी स्वतः पोस्टात उभा आहे.

चिंधीने तुझं पत्र वाचून दाखवलं. काळा दोरा संपला होता म्हणे! बापूंच्या दुकानात? उशाखाली रिळं ठेवून झोपणाऱ्यांतले होते ते. ताई, मी दुकान सोडलं, पण दुकान मला सुटलं नाही. कापडावर अंगठा फिरवल्याबरोबर कळलं मला. बापूंनी साक्षात देव माप द्यायला आला असता तरी दुसरं बोट दिलं नसतं. आणि तो निळा दोरा आईच्या रफूच्या डब्यातला. आई तो डबा तुझ्याशिवाय कुणाला उघडू द्यायची नाही.

तो कोट तू बेतलास. तुझा पहिला. हो ना?

पोरीला वाटलं मी बापूंसाठी रडलो. तिला तसं वाटू दिलं. बापूंसाठी मी केव्हाच रडून घेतलंय. मी रडलो ते वेगळ्यासाठी. मी त्या कोटाला बापूंचा राग समजलो आणि ट्रंकेत कोंडून टाकला. आणि तू तिकडे बसलीस, हा कधीतरी कोट सैल करायला आणील म्हणून. बसलीस ना वाट बघत? मी आलो नाही तेव्हा तुला वाटलं असेल, साहेब झाला, याला आता आपल्या दुकानाचा कोट नको. मला तो फार हवा होता, ताई. फक्त उसवायची भीती वाटली.

आणि आता मला बापू मिळावेत म्हणून तू तुझी फुलीही त्यांच्या नावावर करून टाकलीस. वर पाटीही. मला नकोत असे फुकटचे बापू. बापू होते तसे बरे होते. त्यांनी मला माफ केलं नाही, आणि तरी मी त्यांचा मुलगा होतो, एवढं मला पुरतं. पण माझ्यासाठी माया कुणी ठेवली होती, ते मला खरं हवंय.

मी चिरंजीव म्हणून इतकी वर्षं तुझ्या डोक्यावर लटकतोय. आता मला खाली उतरव.

कोट उसवलेलाच आहे. चिंधी शिवते म्हणाली, मी हात लावू दिला नाही. घेऊन येतोय.

तुझा भाऊ

१९ ऑगस्ट

चिंधे,

तुझा बाप आला होता. काल संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलाय, हे पत्र मिळेपर्यंत त्याचं घरी पोचून सगळं सांगून झालं असेल. पण त्याला सांगता येत नाही, तो मधलं मधलं खातो. म्हणून मी लिहिते.

मी टेबलाशी उभी होते. बाहेर पेंटर शिडीवर चढून जुनी पाटी खरवडत होता. पत्र मिळालं होतं, त्यामुळे मी त्याला एवढंच सांगितलं होतं की खरवड, पुढचं नंतर. दारात एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ पिशवी घेऊन उभा राहिला. मी चष्मा काढला होता, मला वाटलं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "मास्तर आहेत का?"

मी नेहमीसारखी तोंड उघडून भांडायला तयार झाले. मग पाहिलं तर तो माझ्याकडेच बघत होता. डोक्यावरून पलीकडे नाही.

मी म्हटलं, "आहेत. आत या."

चिंधे, मला रडू आलं. उगाच लपवत नाही. पेंटर शिडीवरून वाकून बघत होता, त्याच्यावर मी खेकसले तेव्हा कुठे रडणं थांबलं.

मग माप घेतलं. तुझा बाप पोट आत ओढून, छाती फुगवून उभा! मी म्हटलं, "श्वास सोड. टेपशी खोटं चालत नाही." तो म्हणाला, "तू मात्र चिंधीला खोटं लिही." मी टेप त्याच्या पोटाभोवती जरा जास्तच आवळली.

कोट लगेच हातात घेतला. आणि तुला गंमत सांगते, मागच्या बाजूला कसरीने एक भोक पाडलं होतं, तुला दिसलं नसेल. नवं कापड त्या रंगाचं मिळणार नाही. मी आईचा डबा काढला. निळा, राखाडी, करडा, सगळे दोरे तसेच आहेत. आणि मग, तुला वाटेल म्हातारी बदलली, मी त्या मागच्या स्टुलावर बसले. जन्मात पहिल्यांदा. रफू उभ्याने होत नाही. उजेड तिथे अगदी छान येतो दुपारी, हे मला आजवर माहीत नव्हतं. आईला माहीत असणार. तुझा बाप दुसऱ्या स्टुलावर बसला आणि सुईत दोरा ओवून देत राहिला, चारदा चुकून एकदा. आम्ही आईबद्दल बोललो. बापूंबद्दलही थोडं बोललो.

रफू आईइतकं झालं नाही. नीट पाहिलं तर सापडतं. तो म्हणाला, सापडू दे.

पाटीचं सांगते. तुझ्या त्या रोमच्या बायकांवर मी फार चिडले होते. पण स्टुलावर बसल्यावर त्या डोक्यातून जाईनात. कुणीतरी त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे काम लिहिलं, बस्स. मलाही तेवढंच हवं होतं गं. फक्त मी जिवंत असताना. तेव्हा आता वर मोठ्या अक्षरांत माझं नाव आहे, नुसतं, पुढेमागे काही नाही. आणि खाली, 'नवे बेतून मिळेल, जुने सांधून मिळेल.' तुझ्या बापाने स्वतः शिडी धरली. चष्मेवाला बाहेर येऊन म्हणाला, दुरुस्ती कधीपासून सुरू केलीत? मी म्हटलं, आमच्याकडे आधीपासून होती, लिहायची राहिली होती.

पदवीदानाला त्याचा कोट बघ. पाठीत अगदी बेताचा बसलाय. शेवटची शिवण घालताना मी म्हटलं, "पोट बघता सगळीच माया सोडते, म्हणजे पुढे त्रास नको." त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "सगळी नको सोडूस, ताई. एक बोट राहू दे. मला परत यायला निमित्त नको का?"

ठेवलंय एक बोट.

तुझी आत्या